चुकांची बैठक

धुरपदाबाई भडगावच्या एका ग्रामविकास मंडळात होत्या. गावोगावी बिनधुराच्या चुली बसवायचं त्यांचं काम. माती स्वतः मळायच्या, धुराचा पाइप उभा करायच्या आणि काही दिवसांनी फिरून विचारायच्या, "कशी शे चूल?" बाया म्हणायच्या, "चांगली शे, अक्का." चहा व्हायचा आणि अक्का खुशीत पुढच्या गावाला निघायच्या.

१९९१च्या हिवाळ्यात मंडळाला मदत करणाऱ्या परदेशी संस्थेनं केनियाहून मेरी वंजिरू नावाच्या बाई पाठवल्या. त्यांचंही काम चुलींचंच. देशोदेशीच्या संस्थांनी एकमेकींकडे जावं, सोबत बसून काय जमलं आणि काय फसलं ते मोकळेपणानं बोलावं, अशी ती योजना. मंडळाचे अध्यक्ष रुपचंदभाऊ यांनी मात्र हार, नारळ आणि फोटोवाला सांगून ठेवला.

गिरणाकाठच्या एका गावात बाया ओट्यावर जमल्या. धुळ्याच्या कॉलेजातले एक प्राध्यापक दुभाषे म्हणून आले होते. वंजिरूबाई बायांमध्ये खाली बसल्या आणि आपलंच सांगू लागल्या. त्यांनी बसवलेल्या चुलींत म्हणे बायकांनी कोंबड्या अंडी उबवायला बसवल्या होत्या. बाई रागावतील म्हणून कुणी बोललंच नाही.

बाया पोट धरून हसल्या. मग पदर तोंडाला लावून बेबाबाई म्हणाली, "अक्का, मी तं तुमनी चूल फोडी टाकी. पऱ्हाट्या तिना तोंडमा जातस नही. रोज तोडाले येळ कोठे शे?"

मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. कपाशीच्या लांब काड्या त्या अरुंद तोंडात शिरतच नव्हत्या. धुरपदाबाईंचा चेहरा उतरला.

"मग इतके दिवस चांगली चांगली का म्हणत होत्या गं?"

"तुम्ही इतल्या लांबून येतस," बेबाबाई म्हणाली. "तुमनं मन कसं मोडानं?"

धुरपदाबाईंना आधी बायांचा राग आला, मग स्वतःचा. पण वाट सापडली होती. मंडळातही दर महिन्याला अशी बैठक घ्यायची, आधी आपली चूक सांगायची, असं त्यांनी रुपचंदभाऊंपुढे मांडलं. भाऊ लगेच तयार झाले. पहिल्या बैठकीत स्वागत, सत्कार, भाषणं झाली आणि चहावर सगळं आटोपलं. दुसऱ्या बैठकीत धुरपदाबाई उठून आपल्या फुटलेल्या चुलींबद्दल बोलल्या. सगळे खाली मान घालून बसले. मंडळाची बालवाडी पाहणाऱ्या लताबाई तिथल्या अडचणी सांगणार होत्या. त्याही "आमचं ठीक चाललंय" म्हणून मोकळ्या झाल्या.

"अक्का, हे घरातलं बोलणं," भाऊ नंतर म्हणाले. "बाहेर गेलं तर मंडळाची बदनामी होईल."

"बाहेरचीच बाई येऊन शिकवून गेली ना भाऊ?"

धुरपदाबाईंनी बेबाबाईच्या घरी रुंद तोंडाची चूल बांधली. थोडा धूर यायचा, पण ती रोज पेटायची. तसल्याच चुली सगळीकडे करू म्हटल्यावर भाऊ म्हणाले, नमुना वरून मंजूर झालेला आहे, त्यात बदल नाही. अक्कांनी हट्ट सोडला नाही, तेव्हा त्यांना शिवणवर्गावर बसवण्यात आलं. गावात पुन्हा अरुंद तोंडाच्याच चुली बसू लागल्या.

पुढच्या वर्षी केनियात सगळ्या संस्थांचा मेळावा भरला. चुकांमधून शिकणारी संस्था कशी असते, यावर बोलायला रुपचंदभाऊ गेले. परत आल्यावर सहज म्हणाले, "त्या मेरीबाई तुमची चौकशी करत होत्या. का नाही आल्या म्हणून."

"मग काय सांगितलं?"

"तब्येत बरी नाही म्हटलं."

धुरपदाबाईंनी शिवणवर्गाची किल्ली भाऊंच्या टेबलावर आपटली आणि बाहेर पडल्या. पुढे त्या आपल्या आपण चुली बांधत फिरल्या. फार थोड्यांनी बोलावलं. मंडळाचा पाइप फुकट मिळायचा, यांच्याकडे नुसती माती होती.