ध्रुवाचा गाळ आणि बांधीची माती

नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रतळाचा गाळ तपासते. लांब नळी तळात खुपसून तो थरांसकट वर काढलेला असतो. त्यात डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांची काचेसारखी कवचं सापडतात. कोणती जात कधी नाहीशी झाली हे ठाऊक असलं, की थराचं वय काढता येतं.

त्या उन्हाळ्यात एका थराने मला पंधरा दिवस छळलं. थर वरचा, म्हणजे नवा. पण आजही जगणाऱ्या जातींच्या सोबतीला त्यात लाखो वर्षांपूर्वी संपलेली एक जात दिसत होती. त्या थराच्या खालच्या थरांत मात्र ती नव्हती. माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, "भेसळ झाली असेल. नवी स्लाइड कर." केली. ती जात होतीच.

त्याच आठवड्यात बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळे दाखवायला कुहीहून, आमच्या धानशेतीच्या गावाहून, आले. दवाखान्यातून निघताना म्हणाले, "तू दिवसभर काय पाहून राहते, थे मले दाखव."

मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. त्यांनी भिंगाला डोळा लावला.

"चाळणीवानी छिद्रं हायेत वं," ते म्हणाले.

मी माझी अडचण सांगितली. जुनं खाली असायला हवं, ते वर आलंय.

"आपल्या धानाच्या बांधीत येत नाही का? पूर आला का नाला जुनी माती खरवडते अन् वर आणून टाकते."

"पण वाहून आलेलं ओळखायचं कसं?"

"वाहून आलेला गोटा झिजला राहते. कडा पाह्य."

असं घडतं हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरी जाती मोजण्याच्या नादात कवचांच्या कडा पाहिल्याच नव्हत्या. बाबा शेजारच्या स्टुलावर चहा पीत बसले आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली. संपलेल्या जातीचं एकही कवच धड नव्हतं. काठ झिजलेले, बरीचशी तुटकी. आजच्या जाती अखंड होत्या. कुठल्या तरी प्रवाहाने जुना गाळ उकरून इथे आणून टाकला होता. थर नवाच होता.

मॅडमनी फोटो दोनदा तपासले आणि मान्य केलं. "कुणाच्या लक्षात आलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. बाबांना पुन्हा घेऊन ये, म्हणाल्या.

बसस्टँडवर बाबांनी विचारलं, "यातले काही अजून जिते हायेत म्हन्ते ना तू?"

"हो. तिथल्या पाण्यात."

"मंग मले जिते पाह्यचे होते," ते म्हणाले आणि बसमध्ये चढले.