रविवारचं पाणी

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळत आलो. घरात नदीचा विषय निघाला की मी चहा-पोह्यांच्या आठवणी सांगायचो आणि तिथंच थांबायचो.

इंदूरबाहेर नदीवर आमची पाणी मोजायची चौकी होती. पुलाच्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी, शेजारी एक खोली, खोलीत नोंदवही. रोज सकाळी आठला पातळी वाचून लिहायची. मी तिथला प्रमुख. हाताखाली रोजंदारीवर एक गृहस्थ होते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. कापडगिरणी बंद पडली तेव्हा ते मागावरून थेट नदीवर आले. शहरातले भोंगे थांबले होते, पण त्यांचं अंग अजून भोंग्यावरच चालायचं. आठला दोन मिनिटं कमी असताना त्यांची सायकल कठड्याला टेकलेली असायची.

मला उशीर झाला की म्हणायचे, "साहेब, नदी तो कब की आ गई. तुमचीच वाट बघतेय."

मग स्टोव्हवर चहा, कागदातले पोहे, वर शेव. तशा सकाळी पुन्हा आल्या नाहीत.

रविवारची पाळी माझी. पण मी जायचोच नाही. सोमवारी जाऊन शनिवार आणि सोमवार यांच्या मधला आकडा टाकून द्यायचो. एका पावसाळ्यात रविवारी पाणी अचानक चढलं आणि सोमवारपर्यंत उतरलंही. ते गृहस्थ सहज पाणी बघायला आले होते. मी नाही म्हणून त्यांनीच पातळी वाचून वहीत लिहिली.

सोमवारी वरचे साहेब तपासणीला आले. तो आकडा पाहून त्यांनी विचारलं, "रविवारी इथं कोण होतं?"

मी महूला साडूकडे जेवत होतो. म्हणालो, "मीच होतो. पाणी एवढं नव्हतं. यांनी मागाहून अंदाजानं लिहिलं असेल."

बोलताना मला खिडकीतून खांबावरची गाळाची ओली रेघ दिसत होती, बरोबर त्यांच्या आकड्यावर. त्यांनाही दिसत असणार. ते एवढंच म्हणाले, "साहेब म्हणतात तर तसंच असेल." त्याच दिवशी त्यांचं काम सुटलं. दर सोमवारी मोजपट्टी ते घासायचे. त्या सोमवारी ब्रश घेऊन मी उतरलो आणि रेघ धुऊन टाकली.

पुढं कितीतरी वर्षांनी ते सियागंजच्या बाजारात भेटले. किराण्याच्या घाऊक दुकानात पोती मोजत होते. मला पाहून हसले. "साहेब, आज पाणी किती?"

मी आकडा सांगितला आणि सुपारी घेऊन घरी आलो. सांगायचं होतं ते एवढंच: त्या रविवारी मी तिथं नव्हतो. तुमचा आकडा खरा होता. मला माफ करा.