मंडळाची तीन वाचनं

मला मराठी मंडळाची चिटणीस केलं ते माझं अक्षर बरं म्हणून, स्वभाव बरा म्हणून नव्हे. मला राग पटकन येतो आणि आला की तोंडावर दिसतो. तरी सलग तीन वर्षं मीच चिटणीस होते, कारण इतिवृत्त लिहायला दुसरं कुणी तयारच नसायचं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. सिंगापुरात तेव्हा आमच्या मंडळाची पंचवीसेक कुटुंबं होती. निम्मी बोटीवरच्यांची, निम्मी पुण्या-मुंबईहून नव्यानं आलेल्या कंप्युटरवाल्यांची. महिन्याच्या पहिल्या रविवारी क्वीन्सटाउनच्या कम्युनिटी सेंटरमधली एक खोली आम्हाला तीन ते पाच मिळायची. पाच वाजले की चिनी आज्यांचा कराओकेचा ग्रुप दाराशी येऊन उभा राहायचा. त्यामुळे आमची सभा कधी संपली म्हणून नाही, उठवली म्हणून उठायची.

दोन तास जायचे कुठे? गणपतीत मोदक उकडीचे की तळणीचे, यावर मी एकदा पन्नास मिनिटं चर्चा ऐकलेली आहे. नाटक बसवायचं की गाण्यांचा कार्यक्रम, यावर तर दरवर्षी तेच ते गुऱ्हाळ. आणि विषयपत्रिकेत अगदी शेवटी ती ठरलेली ओळ: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. चार मराठी माणसांनी कुठेही मंडळ काढलं की ही ओळ आपोआप येते. ज्याला काही नवं सांगायचं असेल त्यानं तिथे सांगायचं. पण ती ओळ येईपर्यंत पाचला पाच कमी असायचे आणि लोक चपला शोधत असायचे.

सिंगापूरच्या पार उत्तरेला, यिशुनला राहणारी एक बाई त्याच ओळीत अडकली होती. मूळची रत्नागिरीची, लग्नाआधी आणि नंतरही तिथल्या शाळेत सहा वर्षं मराठी शिकवलेली. नवरा बोटीवर थर्ड इंजिनियर. बोट सिंगापूरला लागली की चार दिवस तरी एकत्र राहता यावं म्हणून त्यानं बायको आणि तेव्हा चार वर्षांच्या लेकीला यिशुनच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं होतं. तिला मिळालेल्या राहण्याच्या परवान्यावर, पासवर, नोकरी करता येत नव्हती. दोन वर्षं ती आणि ती मुलगी, चार भिंती आणि खाली खेळाचं मैदान. मुलगी आता मराठीत विचारलं की इथल्या सिंगापुरी इंग्रजीत "डोन्ट वॉन्ट लाह" म्हणायची. रत्नागिरीला आजी फोनवर काय बोलते ते तिला कळेना, आणि आजीला नात काय म्हणते ते.

तिचं मागणं एवढंच होतं, की मंडळानं रविवारचा मराठीचा वर्ग काढावा. शिकवायला ती तयार होती, फुकट. एप्रिलपासून ती हा विषय आणि लेकीला घेऊन दर महिन्याला यिशुनहून क्वीन्सटाउनला यायची आणि न बोलता परत जायची. एकदा मी तिला एमआरटीच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, स्टेशनापर्यंत सोडायला गेले तेव्हा तिनं मला सांगून टाकलं. जानेवारीत मुलगी पहिलीत जाणार. त्याआधी वर्ग सुरू झाला तर ती इथे राहणार, नाहीतर लेकीला घेऊन रत्नागिरीला परत. मग नवऱ्याशी गाठ वर्षातून एकदा, त्याच्या सुट्टीत. हे सांगताना तिचा आवाज अजिबात हलला नाही.

गणपती झाल्यावर मी ब्रास बसाहला जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले होते. शोधत होते केक करायचं पुस्तक, हाताला लागलं भलतंच. अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्याच्या विधिमंडळानं एकोणिसाव्या शतकात रोजच्या कामकाजासाठी केलेले नियम. ते सिंगापूरला कसं आलं देव जाणे. शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला मी वहीत वेण्यांची चित्रं काढायचे, आणि इथे बसमध्ये उभ्यानं हे वाचता वाचता माझा स्टॉप गेला.

त्या लोकांचा दिवस कसा चालायचा, तर आधी प्रार्थना, मग हजेरी, मग कालच्या कामकाजाची नोंद वाचून दुरुस्त करायची. आणि त्यानंतर लगेच, सगळ्यांत आधी, लोकांचे अर्ज. कुठल्या लांबच्या गावाला नदीवर पूल हवा असेल, कुणाला शाळा हवी असेल, तर त्यांच्या सभासदानं उठून तो अर्ज मांडायचा आणि सभापतींनी तिथल्या तिथे तो एका समितीकडे द्यायचा. शिक्षणाची समिती, रस्ते आणि पुलांची, शेतीची, न्यायाची. समितीनं अर्ज दाबून बसायचं नाही, हो किंवा नाही असा अहवाल घेऊन परत यायचं. एका विषयावर एका माणसानं दोनदाच बोलायचं. मनमोकळी चर्चा करायची असेल तर सभापतींनी स्वतःची खुर्ची सोडून खाली यायचं, दुसऱ्याला वर बसवायचं, आणि सगळं सभागृहच एक समिती व्हायचं. मी मनात म्हटलं, अरे, आपण इतकी वर्षं काय करत होतो?

आमचे अध्यक्ष निवृत्त चीफ इंजिनियर, सगळे त्यांना चीफसाहेबच म्हणायचे. मला वाटलं होतं, खुर्ची सोडायचं कलम वाचून ते बिथरतील. पण ते कालची नोंद वाचायच्या कलमावरच खूश झाले. बोटीवर लॉगबुक असतं तसंच हे, म्हणाले, आणि पुस्तक चार दिवस ठेवून घेतलं. ऑक्टोबरच्या सभेत आम्ही ते नियम जवळजवळ जसेच्या तसे उचलले. मोदकांचा वाद शेती समितीकडे गेला, कारण नारळ. रस्ते आणि पूल समितीकडे म्हाताऱ्या आईवडिलांना सभेला आणायचं-सोडायचं काम आलं. लोक हसले, पण हसत हसत समित्यांत नावं दिली.

आणि पहिला अर्ज तिचा. तीन वाजून दहा मिनिटांनी, सगळे जागे असताना, चहाच्याही आधी. तिनं तो फुलस्केपवर समास सोडून लिहून आणला होता. मी वाचला, चीफसाहेबांनी तो शिक्षण समितीकडे दिला, तिघांची नावं घेतली, झालं. चार मिनिटं लागली. सहा महिने जे झालं नव्हतं ते चार मिनिटांत झालं आणि मला इतका आनंद झाला की मी चहात दोनदा साखर घातली.

नोव्हेंबरात समितीनं चोख अहवाल आणला. यिशुनच्याच कम्युनिटी सेंटरमध्ये रविवारी सकाळी खोली मिळत होती, नऊ मुलांचे आईबाप तयार होते, दोघे तर लांबच्या ईस्ट कोस्टहून यायलाही. आता ठराव मांडायचा. आणि इथे मी, अति शहाणी, उभी राहिले. पुस्तकात लिहिलं होतं की प्रत्येक ठरावाची तीन वाचनं व्हावीत, तीन वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे घाईत कुणी काही गळी उतरवणार नाही. मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं की आज पहिलं वाचन, डिसेंबरात दुसरं, जानेवारीत तिसरं आणि मतदान. टाळ्यासुद्धा पडल्या.

तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. सभा संपल्यावर माझ्याकडे आली, मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "ताई, जानेवारीत मी नसेन. अठ्ठावीस डिसेंबरचं तिकीट काढलंय." मी काहीतरी पुटपुटले, नियमांचं, पद्धतीचं. ती मान हलवून निघून गेली. तिला माझा राग आला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवऱ्यापुढे चहा आदळला आणि सगळं ओकले. नियम चांगला आहे, पण ती बाई जातेय, मी काय करू? तो बुटाची नाडी बांधत होता. वर न बघता म्हणाला, "अगं, ती माणसं रोज भेटायची. आपण महिन्यातून एकदा भेटतो."

कपाळ माझं. तीन दिवसांचे मी तीन महिने केले होते. एवढं साधं गणित, आणि पंचवीस कुटुंबांत कुणाच्याही ध्यानात आलं नाही, कारण सगळ्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता. तो ऑफिसला गेल्यावर मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि शेवटच्या पानांत मला हवं ते सापडलं. हजर असलेल्यांपैकी दोन-तृतीयांश सभासदांनी हो म्हटलं तर एखादा नियम तेवढ्यापुरता बाजूला ठेवता येतो. मी यिशुनला फोन केला आणि तिला एवढंच सांगितलं की डिसेंबरच्या सभेला ये, माझ्यासाठी ये.

डिसेंबरच्या सभेला अठरा कुटुंबं होती. घरटी एक मत, म्हणजे बारा हवी होती. मी उभी राहून चूक माझी आहे हे आधी सांगितलं. असं चारचौघांत म्हणायची मला सवय नाही. मग मी मागणी केली की तीन वाचनांचा नियम आज बाजूला ठेवावा आणि उरलेली दोन्ही वाचनं आजच घ्यावीत.

आमच्यातला एक पुण्याचा कंप्युटरवाला उठला. दोन महिन्यांत तो नियमांचा माझ्यापेक्षा मोठा भक्त झाला होता. अगदी अदबीनं म्हणाला, वहिनी, नियम तुम्हीच आणलात, आणि पहिल्याच अडचणीला तुम्हीच मोडताय. आज वर्गासाठी, उद्या मोदकांसाठी. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर मला संताप आला. चारपाच जणांनी माना डोलावल्या. मी एकदा बोलले होते, अजून एकदा बोलायचा हक्क होता. पण रागात बोलले तर घालवीन हे मला पक्कं माहीत होतं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मी गप्प बसले.

चीफसाहेबांनी हात वर करायला सांगितलं. मी मोजले. अकरा. पुन्हा मोजले, अकराच.

मग माझं लक्ष तिच्याकडे गेलं. ती हात मांडीवर ठेवून बसली होती. मला वाटलं, हिनं आशाच सोडली. मी विचारलं, तू का नाही हात वर केलास? ती म्हणाली, सभासदाच्या फॉर्मवर ह्यांचं नाव आहे, आणि हे ब्राझीलजवळ आहेत.

कंप्युटरवाल्यानं माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं, मीही पाहिलं. पण त्यात ह्याचं उत्तर असणार कुठून? त्या सभागृहात सगळे पुरुषच बसायचे. बायका अर्ज पाठवायच्या आणि घरी वाट बघायच्या. मी पुस्तक मिटून पर्समध्ये टाकलं.

चीफसाहेब खुर्चीतून उठले. पस्तीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस, बायकोनं दोन मुलं एकटीनं वाढवली हे ते नेहमी सांगायचे, पण तेव्हा थट्टेत सांगायचे. आता थट्टा नव्हती. "नवरा बोटीवर असताना घर कोण चालवतं?" त्यांनी विचारलं. "माझं तर मी चालवलेलं नाही. ज्यानं घर चालवलं त्याचं मत." आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमचं मत सांगा."

तिनं हात वर केला. आधी खांद्याइतका, मग सरळ. मी बारा म्हटलं आणि माझा आवाज फाटला. तेवढ्यात कंप्युटरवाल्यानं हात वर केला. म्हणाला, आता नियम रीतसर बाजूला झालाय, तर ठरावाला माझाही होकार लिहा. दुसरं वाचन, तिसरं वाचन, चारला वीस मिनिटं कमी असताना वर्ग मंजूर. विरोधात कुणीच नाही. मी इतिवृत्तात मत कुणाचं लिहू म्हणून तिला विचारलं, तर तिनं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, माझं लिहून होईपर्यंत थांबत थांबत.

त्या दिवशी सभा पाचच्या आधी संपली. आज्या दाराशी आल्या तेव्हा आम्ही खुर्च्या रचून मोकळे झालो होतो. बटाटेवडे निवायला लागले आणि ती कुठे दिसेना, म्हणून मी तिला शोधत खाली गेले. इमारतीखालच्या पब्लिक फोनपाशी ती उभी होती, एका हातात फोनकार्ड, दुसऱ्या हातानं लेकीचा हात धरलेला. पलीकडे तिची आई असावी. मी मागेच थांबले.

"आई, अठ्ठावीसला येत नाही आम्ही," ती म्हणत होती. "नाही गं, काही झालं नाही. रडत नाहीये मी. आई, ऐक ना. मला शाळा मिळाली."