भिंतीवरचा त्रेपन्नावा फोटो

ही केस मला आजही पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत क्रमाने सांगता येते, कारण तिच्यातली मोठी चूक माझीच होती. नातवंडांनो, तुम्ही फोनवर नेहमी विचारता, आजी, तू खरे गुन्हेगार पकडलेस का? हा एक पकडला होता. त्याआधी त्याला चहाही पाजला होता.

दुष्काळाची वर्षं होती. मी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कडेच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. शेंद्र्याच्या बाजूला घरं भराभर उठत होती, पण नळ कोरडे. नव्या वसाहती टँकरवर जगत होत्या.

एका सकाळी हजेरी संपते न संपते तोच एक टँकरचालक ठाण्यात आला. पन्नाशीचा, स्वच्छ कपडे, वाकून नमस्कार.

"मॅडम, लई वाईट चाललंय. माळावरच्या अर्धवट घरात पाणी टाकाया गेलतो. भिंतभर एकाच पोरीचे फोटू लावलेत. माझ्याच टँकरच्या लाइनीतली पोरगी हाय ती. घरी मायलेकीच. माय शाळेत खिचडी करती, चारला येती. पोरगी दवाखान्यात कामाला, बुधवारी सुट्टी."

मी सगळं लिहून घेतलं. इतकी नेमकी खबर क्वचित मिळते. मी त्याला जागरूक नागरिक म्हटलं आणि चहा मागवला.

दुपारी दोन पंच आणि आमचे हवालदार यांना घेऊन त्या घरावर छापा घातला. आत ती मुलगी खुर्चीला बांधलेली, समोर सुरा घेतलेला दाढीवाला. हवालदारांनी त्याची गचांडी धरून भिंतीला टेकवलं. कोपऱ्यातून एक चष्मेवाला तरुण आनंदाने ओरडला, "वा! साहेब, हीच एंट्री अजून एकदा द्याल का?"

सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. कर्ज काढून, मित्रांना जमवून, एका मुलीच्या मागे वेड्या झालेल्या माणसाची गोष्ट. सुरा पुठ्ठ्याचा होता.

मुलगी म्हणाली, "मॅडम, चौकशी नंतर करा. आधी हात सोडा, नाकाला केव्हाची खाज सुटलीय."

हवालदार पुटपुटले, "क्या मॅडम, आपण तर पिक्चरच पकडला!"

हसून परत यायला हरकत नव्हती. पण पंच आणले होते, तेव्हा पंचनामा पुरा करायचा, ही माझी सवय. भिंतीवरचे फोटो मोजले. त्रेपन्न. तो चष्मेवाला दिग्दर्शक निघाला; त्याच्या यादीत बावन्न.

जास्तीच्या फोटोत ती मुलगी फाटकाशी ड्रम भरत होती, वर बघून हसत. फोटो उंचावरून काढलेला.

दिग्दर्शक म्हणाला, "हा आमचा नाही."

मुलीचा चेहरा उतरला. "हा ड्रेस मी फक्त घरात घालते."

सिनेमातलं वेड कुणाच्या तरी डोक्यात खरंच होतं, आणि त्या माणसाला तिचं घर माहीत होतं.

संशय आधी दाढीवाल्यावर गेला. दोन तास त्याची चौकशी केली. एरवी तो औषधांच्या दुकानात काम करायचा. "मॅडम, घरात पाल निघाली तरी मी बायकोला हाक मारतो हो!" त्याला सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या गल्लीत गेले. समोर एकही घर नव्हतं, नुसते आखलेले प्लॉट. मग उंचावरून फोटो काढला कुठून? टँकरचा दिवस होता. रस्त्यावर ड्रम रांगेत लागले होते आणि बायका बोलायला तयारच होत्या.

"घर शेवटचं, पण पाईप पहिला तिच्याच ड्रमात!" एक म्हणाली.

"आमचे ड्रम काय फुटके हायत का?" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

टँकर आला. चालक तोच, माझा जागरूक नागरिक. मी साडी सावरत टँकरची शिडी चढले. खालून तो काळजीने म्हणाला, "जपून मॅडम, चप्पल घसरंल."

वरून पाहिलं. तेच फाटक, तोच ड्रम. मुलगी वर बघून म्हणाली, "मॅडम, पाणीवाले काकाही तिथंच उभे राहतात. आम्हाला हसवतात."

मी खाली उतरले. "बुधवारी तिला सुट्टी असते, हे तुम्हाला कसं माहीत?" हा प्रश्न मी पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता. त्याचा हात कमरेच्या चाव्यांच्या जुडग्यावर गेला.

घरी कुणी नसलं तरी पाणी टाकता यावं म्हणून त्या गल्लीत फाटकाची चावी टँकरवाल्याकडे ठेवत. त्याच्या जुडग्यात मात्र त्या घराच्या दोन चाव्या निघाल्या. पंच बोलावून दुसरी चावी त्यांच्यासमोर घराच्या दाराला लावली. दार उघडलं, आणि बायकांचं हसणं थांबलं.

ठाण्यात त्याने शांतपणे सगळं सांगितलं. "त्येंच्या फोटूत ती भ्यालेली. माझ्यात हसती. म्हणून मधे लावला. त्या माणसापासून तिला सोडवाया तुमच्याकडं आलो."

"आणि चावी?"

"बुधवारी एकटी असती. निवांत बसून बोलायचं हुतं."

"ती नाही म्हणाली असती तर?"

हा विचार त्याच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. "कशी म्हनंल, मॅडम? पहिला पाईप तिलाच देतो मी."

गुन्हा नोंदवला, आरोपपत्र गेलं, शिक्षा झाली.

भिंतभर फोटो पाहून मी घाबरले, कारण धोका कसा दिसतो हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. खरा धोका नमस्कार करून समोर बसला होता. मुलांनो, कुणी न मागता तुमच्यासाठी काही करत असेल तर त्याचे आभार माना. पण त्याने मनात त्याची परतफेड ठरवून ठेवली असेल, तर ती तुमच्यावर बंधनकारक नाही. आणि तुम्ही स्वतः कुणाला जीव लावाल, तेव्हा समोरच्याला नाही म्हणता येतं, हे आधी लक्षात ठेवा.

त्या मुलीच्या आईने सिनेमा बंद करायला सांगितलं. मुलगी म्हणाली, "आई, तिथं मी घाबरायचं काम करते. घरी कशाला घाबरू?" आईने दाराला नवीन कुलूप लावलं, आणि पुढच्या बुधवारी स्वतः डबा घेऊन लेकीबरोबर माळावर गेली. मुलीला पुन्हा खुर्चीला बांधलं. पण दिग्दर्शक नंतर तक्रार करत होता की दहा टेक झाले, तरी तिला घाबरताच येईना. सुरा समोर आला की तिला हसूच फुटायचं.