निःशब्द ख्याल आणि आमचे साडू

अवघ्या पुण्यात गाणे खऱ्या अर्थाने एकाच गृहस्थाला कळले होते आणि ते म्हणजे आमचे साडू, असे माझे ठाम मत आहे. ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी आपले मत आपल्या घरी ठेवावे. विशेषतः माझ्या धाकट्या मेहुण्याने. साडूंच्या संशोधनाची कथा तो प्रत्येक लग्नात मठ्ठा येईपर्यंत सांगत बसतो आणि प्रत्येक वेळी चुकीची सांगतो. त्या प्रकरणाचा पहिल्यापासूनचा साक्षीदार मी आहे. हा तेव्हाही कुठल्यातरी पंगतीतच होता.

बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, तेव्हा साडूंच्या सहकाऱ्यांनी नव्या सदनिका घेतल्या, गाड्या घेतल्या. साडूंनी तंबोरा घेतला आणि संगीताच्या एम.ए.ला नाव घातले. ती परीक्षा ते उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले. अडले ते पीएच.डी.च्या विषयापाशी. शहाणे विद्यार्थी एखाद्या घराण्याच्या बंदिशी गोळा करतात आणि मोकळे होतात. साडूंना ते पटेना. "दुसऱ्यांनी कमावलेले मोजत बसणे मी बँकेत पुष्कळ केले," असे ते म्हणत. समेच्या आधीच मान हलवणारे श्रोते, हा त्यांचा पहिला विषय विद्यापीठाच्या समितीने नाकारला. दुसरा विषय होता लिलावाच्या पुकाऱ्यातील स्वरविस्तार. त्यासाठी आम्ही दोघे भल्या सकाळी मार्केट यार्डात गेलो होतो. तेथे साडूंनी कांद्याचा ट्रक विकत घेतला, असे मेहुणा सांगतो. साफ खोटे! तो ट्रक नव्हता, ढीग होता. पुकारणारा माणूस भाव असा पायरीपायरीने चढवीत होता की साडूंचे डोळे आपोआप मिटले, आणि शेवटच्या भावाला त्यांनी हात उंचावून मनापासून "वाहवा!" म्हटले. ढीग त्यांच्या नावावर झाला.

"काका, माल तुमचा झाला. टेम्पो कुठं लावलाय?" हमालाने विचारले.

"मालाचे राहू द्या हो," साडू म्हणाले, "त्यांना तेवढा शेवटचा स्वर पुन्हा लावायला सांगता का?"

त्यातली दोन पोती मी स्वतः घरी नेली, तेव्हा ट्रक की ढीग हे मला कोणी शिकवू नये.

समितीने तोही विषय फेटाळला. विभागप्रमुख बाई वयाने साडूंपेक्षा बऱ्याच लहान, पण अधिकाराने कडक. "पुढच्या वेळीही असेच काही आणलेत, तर आपली नोंदणी रद्द करावी लागेल," असे त्यांनी बजावले. साडू प्रथमच हादरलेले मी पाहिले. ज्या एका गोष्टीसाठी नोकरी सोडली, तिच्याच दारातून बाहेर काढले जाण्याची वेळ आली होती.

घरी तर निराळाच पेच होता. बिबवेवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी एकीत त्यांचा मुलगा दिवसभर झोपे. तो संगणकाच्या कंपनीत अमेरिकेच्या वेळेप्रमाणे रात्रपाळी करी, त्यामुळे पुण्यात उजाडले की त्या घरात रात्र होई. घंटीची तार काढून टाकलेली. कुकर शिट्टीच्या बेतात आला की मेहुणीबाई तो अलगद उतरवीत. भाजीवाल्याशी गॅलरीतून खाणाखुणांनी घासाघीस चाले. मी नुसता खाकरलो तरी त्या कुजबुजत, "हळू हो भावजी, आत्ताच डोळा लागलाय त्याचा." अशा घरात साडू रियाज करीत. तारा काढलेल्या तंबोऱ्यावर बोटे फिरत, तोंड उघडे, हात हवेत, मानेच्या शिरा ताठ, आणि आवाज मात्र शून्य. तोडी कोणती आणि ललत कोणता, हे मी त्यांच्या भुवयांवरून ओळखू लागलो होतो. मेहुण्याला याचे हसू येते. त्याला ऐकू येणारे गाणेही कळत नाही, त्याला मी काय सांगणार?

एका सकाळी द्रुतात शिरताना साडू मध्येच थांबले, माझा हात धरून मला जिन्यात घेऊन गेले आणि म्हणाले, "अहो, विषय सापडला! तीन वर्षे मी तोच गातोय."

'निःशब्द ख्यालगायन' हा विषय ऐकून समितीने त्यांना हाकलून दिले, हा मेहुण्याचा सर्वात लाडका शेवट. मी त्या दालनात दाराजवळच्या बाकावर बसलो होतो. प्रात्यक्षिक म्हणून साडूंनी विलंबित ख्याल सुरू केला. प्रथम सारे हसले. मग समितीतले तबल्याचे प्राध्यापक नकळत मांडीवर ठेका धरू लागले. आलाप वाढला, खोली स्तब्ध झाली आणि समेवर सर्वांच्या माना एकदम खाली आल्या. विभागप्रमुख बाईंनी हात वर करून साडूंना थांबवले.

"तुमचा निषाद किंचित चढा लागतोय," त्या म्हणाल्या.

"क्षमा असावी, बाई," साडू ओशाळून म्हणाले. "आज सकाळपासून घसा साथ देत नाही."

विषय मंजूर झाला. बाई उपरोधाने बोलल्या, असे मेहुणा म्हणतो; पण तो निषाद खरोखरच चढा होता.

प्रबंध पुरा झाला नाही, हे मात्र मी नाकारत नाही. शेवटच्या प्रकरणात तोच ख्याल मोकळ्या आवाजात गाऊन दोहोंची तुलना करायची होती, आणि ते मुलगा घरात झोपलेला असताना शक्य नव्हते. मग कंपनीने त्याला कायमचे अमेरिकेला पाठवले. घंटीला तार आली, कुकर दणक्यात शिट्ट्या देऊ लागला. आता प्रकरण चार दिवसांत उरकेल, अशा खात्रीने मी गेलो, तर साडू तसेच बसलेले. तंबोऱ्याला तारा नव्हत्या, तोंड उघडे होते आणि पाठीमागच्या, मुलाच्या खोलीचे दार ओढून घेतलेले होते.

"अहो, आता घरात कोण झोपलंय?" मी दारातूनच जरा चढ्या आवाजात म्हटले. "लावा की मोकळा आवाज!"

त्यांनी ओठांवर बोट ठेवले. भिंतीवर दुसरे एक घड्याळ टांगलेले होते, त्याकडे पाहून ते कुजबुजले, "तिकडे आत्ता मध्यरात्र आहे हो. नुकताच झोपला असेल."

मी वाद घालण्यात कोणाला हार जात नाही. पण त्या दिवशी चपला हातात घेऊन आत आलो, सतरंजीवर त्यांच्यासमोर बसलो आणि समेची वाट पाहू लागलो. ती आली तेव्हा मान हलवली. "वा" मात्र ओठांतच ठेवले.