सामाईक भिंतीतली ओल

कारेगावच्या रो हाऊसमध्ये राहायला येऊन आम्हाला चार महिनेही झाले नव्हते, तोच हॉलच्या भिंतीवर ताटाएवढा ओला डाग उमटला. बुद्धांचा फोटो लावला होता त्याच्या जरा खाली. आठवड्याभरात रंगाचे पोपडे सुटले आणि फोटो काढून शोकेसवर ठेवावा लागला.

ही भिंत आमची आणि शेजारच्यांची सामाईक. बिल्डरला बोलावलं. त्यानं भिंतीवर हात फिरवला, दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, तुमच्या घरात काय फॉल्ट न्हाई. पलीकडचं म्हातारा-म्हातारी दिवसभर पाणी सांडतात. आन् मी सांगितलं असं म्हणू नका."

मला ते लगेच पटलं. शेजारचे आबा आणि काकू मूळचे वडगाव रासाईचे, जमीनजुमलावाले. मुलानं घर घेऊन दोघांना इथं आणलं होतं. आमच्या गृहप्रवेशाला दोघं दारापर्यंत आली होती. बुद्धवंदना संपेपर्यंत उभी राहिली, पेढा कागदात गुंडाळून घेतला आणि जेवायला न थांबता निघून गेली. त्याचा अर्थ मी त्याच दिवशी लावून टाकला होता.

मी कंपनीत क्वालिटीला आहे. समोर आलेला पार्ट खराबच आहे असं धरून तपासायचा, हे माझं काम. ती सवय मी घरी आणली. भिंतीला कान लावून पलीकडच्या बादल्यांचे आवाज ऐकू लागले. काकू किती वाजता धुणं धुतात, आबा अंघोळीला किती वेळ लावतात, हे मोबाईलमध्ये लिहून ठेवू लागले. नवरा म्हणाला, "अगं, हे काय चाललंय तुझं?" मी म्हणाले, पुरावा. अंगणात काकू दिसल्या की मान वळवून घ्यायचे. त्याही हल्ली माझ्याकडं बघायच्या थांबल्या होत्या. चोराच्या मनात चांदणं, असं मी स्वतःशी म्हणायचे.

मग दौंडहून माझे पप्पा आले. रेल्वेत सगळी नोकरी त्यांनी पाण्याच्या लाईनवर काढली, आता रिटायर आहेत. चहा घेण्याआधीच ते भिंतीपाशी उकिडवे बसले. मी त्यांना मोबाईलमधली यादी दाखवली.

"धुण्याच्या वेळा लिहिल्यास," ते म्हणाले. "पाऊस कवा कवा पडला, ते कुठं हाय?"

ते मी लिहिलं नव्हतं.

"आन् पलीकडं जाऊन बघितलं का?"

"पप्पा, ते लोक घरात तरी घेतील का आपल्याला?"

ते पायात चपला घालून निघाले, मग मलाही मागं जावं लागलं.

दार आबांनीच उघडलं. मला बघताच त्यांचा चेहरा बदलला.

"आम्ही पाणी किती सांडतो ते बघायला आलाय व्हय?"

त्यांना कसं कळलं? पण आतून काकूंचा आवाज आला, "दारात कशाला उभं केलंय? येऊ द्या की आत."

त्यांनी आम्हाला सरळ त्या भिंतीकडं नेलं. तिथं लोखंडी कपाट होतं. आबा आणि पप्पांनी मिळून ते सरकवलं. मागं छातीच्या उंचीपर्यंत काळी बुरशी चढली होती. काकूंची कपाटात जपून ठेवलेली दोन लुगडी तिनं खाल्ली होती.

"बिल्डर म्हणला, तुमच्या बाथरूमचं पाणी हाय," आबा माझ्याकडं न बघता बोलले. "तुम्ही उलट आमच्यावरच ढकलताय, असं बी म्हणला. आन् माझं नाव घेऊ नका म्हणला."

"आम्हालाही तेच म्हणाला," मी म्हणाले. "तुमच्याबद्दल."

मग काकू म्हणाल्या, "म्हंजी तू बी आमच्यावर पाळत ठेवत हुतीस?" मी हो म्हणाले. त्यांना हसू आलं नाही, पण रागही दिसला नाही.

पप्पांनी कपड्यांची नीळ मागून घेतली. दोन्ही घरांची गच्ची एकच. तिथलं पावसाचं पाणी याच सामाईक भिंतीत बसवलेल्या पाईपातून खाली जायचं. त्यांनी आणि आबांनी निळीचं पाणी बादल्या भरभरून त्या पाईपात ओतलं. दुपारपर्यंत आमच्या भिंतीवर निळी झाक आली. काकूंनी पलीकडून हाक मारली, "हिकडं बी आलं!"

या वेळी बिल्डरला आबांनी आणि मी एकाच फोनवरून बोलावलं. दोघांना शेजारी उभं बघून तो नुसता, "पाया बसतोय, सेटलमेंट असेल, नव्या बांधकामात होतं," असं पुटपुटला. आम्ही त्याला भिंत फोडायला लावली. आत दोन पाईप एकमेकांना जोडलेच नव्हते. मधल्या फटीत सिमेंटची रिकामी गोणी कोंबून वरून प्लास्टर मारलं होतं.

चार दिवसांत बाहेरून नवा पाईप बसला. मग बिल्डर 'काम समाधानकारक' असा छापलेला कागद घेऊन आला. मी पेन हातात घेतला, तर आबांनी कागद माझ्यापुढून ओढला.

"आधी चांगला पाऊस पडू द्या," ते त्याला म्हणाले. "मग या."

त्या दिवशी पप्पा आणि मी आबांकडंच जेवलो. गृहप्रवेशाला ते का थांबले नव्हते, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात दोन दिवस पावसानं झोडपलं. मी आमच्या बाजूनं भिंत चाचपत होते, तेवढ्यात पलीकडून काकूंनी विचारलं, "कोरडी हाय का गं?"

"कोरडी आहे," मी ओरडून सांगितलं.