आईंचं वाटप आणि उस्तादांची ग्रेव्ही

मी स्टेनोची परीक्षा पास झाल्याचं पत्र आलं, त्या शनिवारी संध्याकाळी नवऱ्याने जाहीर केलं की आज बाहेर जेवायचं. अंधेरी पूर्वेला आमच्या बिल्डिंगपासून दहा मिनिटांवर एक नवीन रेस्टॉरंट सुरू झालं होतं. दारावर ‘पंजाबी, तंदूरी, चायनीज’ अशी पाटी, आत एसीचा गारठा. आम्ही दोघं आणि सासूबाई, असे तिघं गेलो. सासूबाईंना मी आई म्हणायचे. ‘हॉटेलात काय जेवायचं, घरात पीठ नाय काय?’ असं म्हणत त्या आल्या होत्या, पण चांगलं इरकली लुगडं नेसून.

नवऱ्याने चिकन मसाला, मटर पनीर आणि अंडा करी मागवली. आई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. सात मिनिटांत तिन्ही बाऊल टेबलावर आले, वाफाळते, वर कोथिंबीर.

आईंनी पदर सावरला. “ह्यां इतक्यात कसां इलां? माजी कोंबडी पाऊण तास घेता.”

“हॉटेल आहे ते आई. पटापट करतात,” नवरा म्हणाला.

“पटापट म्हणजे? आग तीच ना?”

त्यांनी तिन्ही वाट्यांतला रस्सा बोटाने चाखला. मग परत एकदा. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, “ह्या तिनांची आवस एकच आसा गो.” आवस म्हणजे आई. तिन्ही पदार्थ एकाच रश्श्यातून निघालेत, हे त्यांनी दोन घासांत ओळखलं होतं.

आईंना हे कळणारच होतं. परळला वीस वर्षं त्यांची खानावळ होती. दोन खोल्या, साठ ताटं, सगळे कोकणातले गिरणी कामगार. सासरे गेल्यावर त्यांनी त्या खानावळीवरच नवऱ्याला वाढवलं, शिकवलं. मग गिरण्यांचा संप झाला, जेवणारेच गावी निघून गेले, आणि चुली थंड झाल्या. आम्ही त्यांना अंधेरीला घेऊन आलो. त्याला आता चार वर्षं होत आली होती. तिघांच्या स्वयंपाकाला त्यांना तासही लागायचा नाही. उरलेला दिवस त्या गॅलरीत उभ्या राहायच्या. तक्रार कधी केली नाही, पण दुपारी मी ऑफिसातून फोन केला की शेजारच्या काकू सांगायच्या, “उभ्या आहेत अजून.”

बिल द्यायला नवरा काउंटरवर गेला आणि मागे वळून बघतो तर आई जागेवर नाहीत. त्या थेट आतल्या झुलत्या दारापाशी पोचल्या होत्या. वेटर हात आडवा करून सांगत होता, “माँजी, बाथरूम उधर है.”

“माका बाथरूम नको. सयपाकघर बघूक होयां.”

माझे कान तापले. पण काउंटरवरचे मालक हसले. मंगळूरकडचे, कपाळावर गंध, मराठी थोडं अडखळत बोलायचे. “अम्मा, आता गर्दी आहे. सकाळी नऊला या. बघण्यासारखं तेव्हाच असतं.”

मालक गमतीने बोलले असतील. आईंनी ते आमंत्रण म्हणूनच घेतलं. पुढच्या आठवड्यात मला एक सुट्टी होती. पावणेनऊला त्या चपला घालून दारात उभ्या. “चल गो, तो मानूस वाट बघत आसतला.”

ते स्वयंपाकघर मला आजही जसंच्या तसं दिसतं. बाहेरच्या एसीचा तिथे मागमूस नव्हता. भट्ट्यांचा आवाज इतका की ओरडूनच बोलायचं. एका कोपऱ्यात दोन माणसं कांद्याच्या पोत्यावर बसून कांदे कापत होती. मध्ये चार मोठी पातेली, माझा अख्खा हात आत जाईल एवढी खोल. आणि सगळ्यांवर नजर ठेवून एक काटकुळा, पन्नाशीचा गढवाली माणूस. त्याला सगळे उस्ताद म्हणत. मालकांनी आमची ओळख करून दिली तेव्हा त्याने आईंना वाकून नमस्कार केला आणि कामाला लागला. आम्ही दहा मिनिटांत कंटाळून जाऊ असं त्याला वाटलं असावं.

आई त्याच्या पाठोपाठ फिरल्या. कांदा तेलात तासभर परतून तांबडा केलेला, त्यात आलं-लसूण, धणे, हळद, टोमॅटो, आणि तेल सुटेपर्यंत पुन्हा आच. ही झाली तपकिरी ग्रेव्ही. दुसऱ्या पातेल्यात नुसते टोमॅटो शिजवून, वाटून, गाळून लाल ग्रेव्ही. तिसऱ्यात काजू आणि मगज म्हणजे कलिंगडासारख्या फळाच्या सोललेल्या बिया उकडून वाटलेली पांढरी. कोंबडी अर्धी शिजवून बाजूला. मटार उकडलेले. पनीरचे तुकडे पाण्यात. तयार ग्रेव्हीची पातेली थंड पाण्याच्या हौदात उभी केलेली, वर बर्फ टाकून, म्हणजे लवकर निवतील आणि मग फ्रीजमध्ये जातील.

“फिर ऑर्डर आया,” उस्तादांनी कढई भट्टीवर आदळली, “एक पळी ब्राउन, आधी पळी लाल, मुर्गी, मसाला, पानी का छींटा…” ज्वाळा कढईच्या वर आली, त्यांनी दोनदा उडवलं आणि बशीत ओतलं. “हो गया चिकन मसाला. थोडा सफेद डालो, मलाई डालो, तो दूसरा नाम.”

आईंनी माझा दंड एवढ्या जोरात धरला की बांगडी रुतली.

“वाटप तां! अगो, ह्यां आपला वाटप!”

मला क्षणभर कळलंच नाही. मग लख्ख कळलं. खानावळीत त्या पहाटे साठ जणांचं वाटप करून ठेवायच्या: कांदा, सुकं खोबरं, खडा मसाला भाजून पाट्यावर वाटलेला गोळा. मग शिफ्ट सुटली की कोणाला कोंबडीत, कोणाला अंड्यात, कोणाला काळ्या वाटाण्यात, त्याच गोळ्यातून. आठवडाभर ज्या हॉटेलवाल्यांना त्या लबाड म्हणत होत्या, ते त्यांचंच काम करत होते!

त्यांच्या तोंडून प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. किती दिवस टिकतं? मीठ आधी का मागून? तेल एवढं का? मी हिंदीत सांगायचे, उस्ताद उत्तर द्यायचे. नंतर नंतर माझी गरजच उरली नाही. “हमारा खोबरा है ना, वो जल्दी खट्टा होता,” आई सांगत होत्या. “इसलिए पानी नहीं डालने का. सुका रखने का. एकदम सुका.” उस्ताद मान हलवत होते आणि आता खरंच ऐकत होते.

बोलता बोलता आई एकदम थांबल्या. नाक वर केलं.

“करपता हा!”

मला कसलाच वास येत नव्हता. उस्तादांनाही नाही. पण तपकिरी ग्रेव्हीच्या पातेल्यापाशी कोणी नव्हतं. ढवळणारा माणूस मागच्या दारी कोंबड्यांची डिलिव्हरी घ्यायला गेला होता. तो धावत आला आणि त्याने पळा खाली घातला.

“ढवळू नको! तळाक हात लावू नको!” आई ओरडल्या. परळच्या खोल्यांत घुमायचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. “गॅस बंद! दुसरा पातेला आण! वरचा वर काड!”

भाषा कोणाला कळली की नाही, देव जाणे. पण हुकूम कळला. उस्तादांनी स्वतः गॅस बंद केला, दोघांनी वरची ग्रेव्ही अलगद दुसऱ्या पातेल्यात काढली. तळाचा चार बोटं थर तसाच सोडला. तो काळाकुट्ट झाला होता. आईंनी वाचलेली ग्रेव्ही चाखली, उस्तादांपुढे पळी धरली. त्यांनी चाखली. दोघं एकमेकांकडे बघून हसले.

“माँजी,” उस्ताद म्हणाले, “आपका वाटप हमको भी दिखाइए.”

दारात उभे असलेले मालक म्हणाले, “रविवारी एक मालवणी डिश ठेवून बघू या का, अम्मा? फक्त दुपारी.”

“होय,” आई म्हणाल्या. श्वाससुद्धा न घेता.

घरी मात्र नवऱ्याचा चेहरा पडला. “लोक म्हणतील, सून कमावते, मुलगा कमावतो, आणि म्हातारीला कामाला लावली.”

“मी म्हातारी कधी झालंय रे?” आईंनी विचारलं. रागाने नाही, अगदी खरोखर विचारलं. थोड्या वेळाने नवरा खाली गेला आणि नारळ घेऊन आला.

रविवारी सकाळी सातला आम्ही दोघी तिथे. मी मदतनीस, कारण ऑर्डरच्या चिठ्ठ्या इंग्रजीत यायच्या. आईंनी खोबरं आणि कांदा भाजायला घेतला आणि दहा मिनिटांत त्या पंजाबी स्वयंपाकघराला आमच्या गावचा वास आला. कांदे कापणारे दोघं माना वर करून बघायला लागले. वाटायला पाटा नव्हता, मोठा ग्राइंडर होता. आईंचा त्याच्यावर विश्वास नव्हता. त्या चिमटीत घेऊन पुन्हा पुन्हा बघत होत्या. “अजून बारीक. अजून.” शेवटी गुळगुळीत, काळसर गोळा तयार झाला. कोंबडी अर्धी शिजवली, तिचं पाणी वेगळं ठेवलं. वड्यांचं पीठ भिजवून झाकलं. अकरापर्यंत सगळं मांडून तयार.

आणि गिऱ्हाईक नाही! सकाळची टीव्हीवरची मालिका संपल्याशिवाय रविवारी रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही. बारा वाजले. तंदूरीच्या चिठ्ठ्या आल्या, नूडल्सच्या आल्या. आमची एकही नाही. आई हात पुसत होत्या, पुन्हा पुसत होत्या.

साडेबाराला वेटर आत घुसला. “दो मालवणी!”

आई हातात पळी घेऊन उभ्याच राहिल्या. घरी त्यांची सवय मंद आचेवर, सावकाश. उस्ताद त्यांच्या कानाशी ओरडले, “माँजी, तीन मिनट! आग से डरना नहीं!”

आईंनी कढई ठेवली. तेल, वाटपाचा गोळा, चर्र आवाज, कोंबडी, तिचंच पाणी, शेवटी नारळाचा रस. ज्वाळा वर आली तशी मी मागे सरकले, त्या नाही सरकल्या. शेजारी उस्तादांच्या माणसाने वडे सोडले, ते टम्म फुगले. बशा बाहेर गेल्या. आम्ही सगळे झुलत्या दाराच्या फटीतून बघत होतो, मालकसुद्धा. टेबलावर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची बायको होती. त्यांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि बायकोला काहीतरी म्हणाले. मग दोघांनी माना खाली घातल्या त्या बशी रिकामी होईपर्यंत.

त्यानंतर काय झालं ते सलग आठवत नाही. चार मालवणी, सहा मालवणी, शेजारच्या टेबलाने वास घेऊन मागवलेल्या तीन. मी चिठ्ठ्या वाचत होते, आई आणि उस्ताद एकाच भट्टीवर खांद्याला खांदा लावून. “माँजी, हटिए!” “तू सरक!” सव्वादोनला गोळा संपला. वेटर आत येऊन विचारायचा, उस्ताद सांगायचे, “खतम, भाई! अगले संडे आओ!” एवढ्या आनंदाने ‘संपलं’ म्हणणारा माणूस मी तेव्हाच पाहिला.

चार वाजता आम्ही उलट्या क्रेटवर बसून जेवलो. आईंनी उस्तादांची दाल मखनी खाल्ली, उस्तादांनी कढईच्या तळाला उरलेला रस्सा वड्याने पुसून खाल्ला. रिक्षात बसल्यावर आई थकून झोपतील असं मला वाटलं होतं. कुठलं काय! घर येईपर्यंत एकच चालू: वाटप जरा जास्त भाजायला हवं होतं, मिरी कमी पडली, ती बाई दुसऱ्यांदा वडे मागत होती, बघितलंस ना तू?

पाच वर्षं त्या दर रविवारी गेल्या. गुडघे दुखायला लागले तेव्हा मालकांनी भट्टीपाशी उंच स्टूल करून दिलं. एकदा लग्नसराईत उस्ताद महिनाभर गढवालला गेले, तेव्हा तिन्ही ग्रेव्ह्या आईंनीच सांभाळल्या, रोज. सकाळी मी ऑफिसला निघायचे आणि त्या स्वयंपाकघराकडे. कोपऱ्यापर्यंत आम्ही बरोबर चालायचो. एके दिवशी तिथे शेजारच्या काकू भेटल्या. “काय, सासूसुना कुठे निघालात एवढ्या सकाळी?”

आईंनी चालणं थांबवलंच नाही. “कामाक,” त्या म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडून गेल्यासुद्धा.